सपोर्टची ऑफर घ्यावी, की डेव्हलपमेंटची वाट पाहावी?

आधी तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा मांडते. तुम्ही २०२५ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या कॉलेजातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलंत आणि गेले आठ महिने पुण्यात रूम घेऊन नोकरी शोधताय. आता एका सर्व्हिस कंपनीची ऑफर आली आहे: प्रॉडक्शन सपोर्ट (वापरात असलेल्या सॉफ्टवेअरच्या अडचणी सोडवण्याचं काम), वर्षाला साडेतीन लाख, रोटेशनल शिफ्ट आणि दोन वर्षांचा बाँड (त्याआधी सोडल्यास पैसे भरण्याची अट). ती सोडून 'शंभर टक्के जॉब गॅरंटी' देणारा फुल स्टॅकचा (वेबसाइटची दिसणारी आणि आतली अशा दोन्ही बाजू लिहायला शिकवणारा) क्लास लावावा, असं एक मन म्हणतंय. रूममेट सांगतोय की दोन वर्षांचा अनुभव कागदावर दाखव, डेव्हलपरची नोकरी सहज लागेल. घरचे म्हणतात, हातातली नोकरी सोडू नकोस. आणि तुमची खरी भीती शेवटच्या ओळीत आहे: 'एकदा सपोर्टमध्ये गेलो की कायमचा शिक्का बसतो का?'

माझी स्वतःची सुरुवात पुण्यातच एका बँकिंग प्रणालीच्या सपोर्टमधून झाली. पुढे बरीच वर्षं डेव्हलपमेंट केलं आणि आता टीम सांभाळते, मुलाखती घेते. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत. शिक्का बसलेली माणसं मी पाहिली आहेत आणि सपोर्टमधून आलेले फार चांगले डेव्हलपरही माझ्या टीममध्ये आहेत. दोघांची पदं सुरुवातीला सारखीच होती. फरक पडला तो रोजच्या कामात चालता कोड किती जवळ होता आणि त्यांच्या कामावर कुणी जाणकार नजर टाकत होतं का, यामुळे. म्हणून 'सपोर्ट की डेव्हलपमेंट' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा आणि या ऑफरमध्ये कोड तुमच्यापासून किती लांब आहे ते शोधा.

'सपोर्ट' या एका नावाखाली तीन वेगळी कामं येतात: एल वन, एल टू आणि एल थ्री (एल म्हणजे लेव्हल). एल वनमध्ये फोन किंवा तिकीट (नोंदवलेली तक्रार) घ्यायचं, एसओपीत (ठरलेल्या कार्यपद्धतीच्या कागदात) लिहिलेल्या पायऱ्या करायच्या आणि जमलं नाही तर पुढे ढकलायचं. एल टूमध्ये लॉग (सिस्टिमने आपोआप लिहिलेल्या नोंदी) वाचावे लागतात, डेटाबेसवर क्वेरी (माहिती काढण्याच्या आज्ञा) चालवाव्या लागतात, रात्रीचा बॅच जॉब (आपोआप एकगठ्ठा चालणारं काम) का अडकला ते शोधावं लागतं. एल थ्रीमध्ये कोड उघडून दुरुस्ती करायची असते. दोन वर्षं निव्वळ एल वन केलं तर पुढच्या मुलाखतीत सांगण्यासारखं हाती फारसं राहत नाही, हे कटू आहे पण खरं आहे. एल टू मात्र चांगली शाळा आहे. कॉलेजात न दिसणारी गोष्ट तिथे दिसते, ती म्हणजे हजारो लोक एकाच वेळी वापरत असलेलं सॉफ्टवेअर मोडतं कसं.

ऑफर लेटरमध्ये हे लिहिलेलं नसतं. एचआरला विचारा, आणि शक्य झालं तर प्रोजेक्टवरच्या एखाद्या व्यक्तीशी दहा मिनिटं बोलणं करून द्या अशी विनंती करा. प्रश्न साधे ठेवा: काम कोणत्या लेव्हलचं आहे? डेटाबेस किमान वाचण्यापुरता तरी उघडता येईल का? कोडच्या रिपॉझिटरीचा (कोड ठेवलेल्या जागेचा) अॅक्सेस मिळेल का? दुरुस्ती करणारी टीम याच ऑफिसात बसते की क्लायंटकडे? आधीच्या बॅचमधलं कुणी डेव्हलपमेंटला गेलं आहे का? फ्रेशरने असं विचारलं तर राग येईल असं अनेकांना वाटतं. मी मुलाखत घेत असते तेव्हा असे प्रश्न विचारणारा उमेदवार माझ्या चांगला लक्षात राहतो. सगळी उत्तरं मिळणार नाहीत, कारण मोठ्या कंपन्यांत प्रोजेक्ट ट्रेनिंगनंतर ठरतं आणि एचआरलाही ते माहीत नसतं. पण 'माहीत नाही' आणि 'एल वन, कायम' या दोन उत्तरांत फरक आहे.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग. तो तुमच्याऐवजी मी ठरवू शकत नाही. शैक्षणिक कर्ज असेल तर बहुतेक बँकांमध्ये कोर्स संपल्यापासून साधारण एक वर्षापर्यंत हप्त्यांना सवलत असते. म्हणजे तुमच्या बाबतीत ती मुदत आता संपत आली असेल. घरची शेती किंवा दुकान तुम्हाला अजून सहा महिने पुण्यात पोसू शकतं का, हे वडिलांशी मोकळेपणाने बोला. त्यात कमीपणा नाही. दुसरा मुद्दा बॅचचा. ऑफ-कॅम्पस ड्राइव्हमध्ये (कॉलेजबाहेरच्या भरतीत) 'फक्त २०२५ बॅच' किंवा '२०२५ आणि २०२६' अशी अट असते. पास होऊन वर्ष उलटलं की त्यातले बरेच दरवाजे बंद होऊ लागतात, आणि 'या काळात काय केलंत' हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतो. तेव्हा वाट पाहण्याला किंमत आहे आणि ती दर महिन्याला वाढते. घरून आधार असेल आणि हातात खरोखर दोन-तीन डेव्हलपमेंटच्या मुलाखती चालू असतील, तर थोडं थांबणं योग्य ठरेल. नुसत्या आशेवर थांबू नका.

साडेतीन लाखांच्या पॅकेजमध्ये पीएफ वगैरे वजा जाऊन हातात महिन्याला साधारण बावीस ते पंचवीस हजार येतात. त्यात व्हेरिएबल पे (कामगिरीवर ठरणारा पगाराचा भाग) असेल तर अजून कमी. रूमभाडं, मेस आणि प्रवास याच रकमेतून भागवायचा आहे, तेव्हा ऑफर लेटरच्या शेवटी असलेलं पगाराचं विवरण नीट वाचून घ्या.

बाँडबद्दल दोन टोकाचे सल्ले ऐकायला मिळतात. एक म्हणतो, 'बाँडला कायद्यात काही अर्थ नाही, बिनधास्त सही कर.' दुसरा म्हणतो, 'बाँड म्हणजे गुलामगिरी.' दोन्ही चूक आहेत. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार कुणाला आपला व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार निरर्थक ठरतो. पण नोकरी चालू असताना ठरावीक काळ काम करण्याची अट ही वेगळी गोष्ट आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. आणि कलम ७४ प्रमाणे करारभंग झाला तर करारात लिहिलेल्या रकमेपर्यंत वाजवी भरपाई मागता येते. म्हणून सही करण्याआधी तीन गोष्टी पाहा: रक्कम किती, ती काळाप्रमाणे कमी होत जाते का, आणि दोन वर्षं कधीपासून मोजायची, रुजू झाल्यापासून की ट्रेनिंग संपल्यापासून. शेवटच्या मुद्द्यावर चार-सहा महिन्यांचा फरक पडू शकतो. मूळ मार्कशीट आणि पदवी कुणी 'जमा करा' म्हणालं, किंवा नोकरीसाठी आगाऊ पैसे मागितले, तर ती ऑफर तिथेच सोडा. रक्कम मोठी असेल तर वकिलाला कागद दाखवण्याचा खर्च करा.

क्लासकडे येते. पुण्यात चांगले शिकवणारे क्लास आहेत, माझ्या टीममधले काही जण तिथून शिकून आले आहेत. माझा आक्षेप 'गॅरंटी' या शब्दाला आहे. कोणताही क्लास दुसऱ्या कंपनीच्या वतीने नोकरीचं वचन देऊ शकत नाही. लेखी अटी मागितल्या की तिथे बहुधा 'मुलाखतींची संधी' असं लिहिलेलं सापडतं. फी परत मिळण्याची अट कागदावर दाखवा म्हणा आणि मागच्या बॅचमधल्या तिघा-चौघांशी स्वतः बोला. शिक्षणासाठीच सहा महिने द्यायचे असतील तर सीडॅक या सरकारी संस्थेचा पीजी-डॅक हा पदविका कोर्स, हा पर्यायही तुलनेला घ्या. त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा आहे, वर्षातून दोन बॅच निघतात आणि शेवटी कॅम्पस प्लेसमेंट असतं. तिथेही नोकरीची हमी नाही, पण प्रवेशाला चाळणी असल्यामुळे वर्गातली मुलं तयारीची असतात आणि कंपन्यांना तो कोर्स माहीत आहे.

रूममेटच्या सल्ल्यावर मी अडखळणार नाही: खोटा अनुभव दाखवू नका. ही फसवणूक आहे, आणि ती उघडही पडते. पीएफच्या यूएएन (प्रत्येक कर्मचाऱ्याचा कायमचा पीएफ क्रमांक) खात्यात कोणत्या कंपनीने कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत पैसे भरले याची नोंद असते. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन (उमेदवाराच्या माहितीची पडताळणी) करणाऱ्या एजन्सी ती तपासतात, शिवाय बँक स्टेटमेंट आणि फॉर्म १६ (पगारावरच्या कराचा दाखला) मागतात. हा तपास कधी कधी रुजू झाल्यावर पूर्ण होतो, आणि मग कामावरून काढल्याचा खरा डाग लागतो. अशा पद्धतीने आलेली मुलं मी पाहिली आहेत. पकडली जाईपर्यंतचा काळही त्यांच्यासाठी वाईट असतो, कारण दोन वर्षं अनुभव असलेल्या माणसाकडून जे अपेक्षित असतं ते येत नाही आणि साधा प्रश्न विचारायचीही चोरी होते. नवख्या माणसाचा सगळ्यात मोठा हक्क म्हणजे विचारणं. तो तुम्ही पहिल्याच दिवशी गमावता.

तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या वयाचे सगळेच विचारतात म्हणून एआयबद्दल बोलते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून फ्रेशरला पूर्वी जी कामं सवयीसाठी दिली जायची, म्हणजे एखादा फॉर्म, साधा रिपोर्ट, सोपी स्क्रिप्ट, ती आता साधनं काही सेकंदांत लिहून देतात. सुरुवातीची पायरी त्यामुळे उंच झाली आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण लिहून आलेला कोड बरोबर आहे का, आपल्या डेटावर तो काय करेल, हे ठरवायला माणूस लागतोच. ती नजर मोडलेल्या गोष्टी पाहून तयार होते, आणि एल टू सपोर्टमध्ये मोडलेल्या गोष्टी रोज समोर येतात.

माझ्या टीममधल्या एका मुलाचं उदाहरण देते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते स्पष्ट होईल. तो सपोर्टमध्ये असताना दर महिन्याच्या सुरुवातीला अकाउंट्स विभागाचं एक तिकीट यायचं: महिन्याचा अहवाल आणि आमच्या वहीतला आकडा जुळत नाही. एसओपीत लिहिलं होतं की फरक हाताने जुळवा आणि तिकीट बंद करा. सगळे तेच करायचे, कारण एसएलएच्या (क्लायंटशी ठरलेल्या मुदतीच्या) आत तिकीट बंद होणं महत्त्वाचं. या मुलाने तिकीट बंद केलं, पण फरक पडलेल्या व्यवहारांची यादी काढून ठेवली. पुढच्या महिन्यात पुन्हा काढली. दोन्ही याद्यांमधले सगळे व्यवहार रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेतले होते. तिथून उत्तर हाताशी आलं: डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवली जात होती आणि अहवाल तीच तारीख उचलत होता. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असल्यामुळे १ तारखेच्या पहाटेचे व्यवहार आदल्या महिन्यात जाऊन बसत होते. त्याने कोडला हातही लावला नव्हता, अॅक्सेसच नव्हता. त्याने फक्त पुराव्यासह एक पानभर टिपण लिहून एल थ्रीच्या लीडला पाठवलं. दुरुस्ती त्या टीमने केली, आणि पुढच्या वेळी जागा रिकामी झाली तेव्हा त्याच लीडने त्याला मागून घेतलं.

एआयला 'या महिन्याचे व्यवहार काढणारी क्वेरी दे' म्हटलं तर तो व्यवस्थित दिसणारी क्वेरी देईल. साठवलेली वेळ यूटीसीत आहे हे त्याला कुणी सांगितलं नसेल तर तीच चूक पुन्हा होईल. हे सांगणारा माणूस तुम्ही व्हायचंय.

तेव्हा ऑफर घेतलीत तर पहिलं वर्ष असं वापरा. तिकीट बंद करताना स्वतःसाठी तीन ओळी लिहा: काय दिसलं, खरं कारण काय निघालं, ते कसं शोधलं. क्लायंटचा डेटा, पासवर्ड किंवा कोडचा तुकडा त्यात कधीही येऊ देऊ नका आणि कंपनीबाहेर काही नेऊ नका. या बाबतीत हयगय केली तर नोकरी जाते आणि ती जाणं रास्तच असतं. एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) आणि लिनक्स (सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टिम) यांवर हात बसवा. क्वेरी मंद का आहे हे एक्सप्लेन (डेटाबेस क्वेरी कशी चालवणार ते दाखवणारी आज्ञा) लावून पाहायला शिका. तारखेच्या कॉलमवर फंक्शन लावल्यामुळे इंडेक्स (नोंदी पटकन शोधण्यासाठीची सूची) बहुधा वापरलाच जात नाही, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की पुस्तकातला इंडेक्सचा धडा आयुष्यभर लक्षात राहतो. रोज हाताने होणारं एखादं काम, समजा सकाळी दहा सर्व्हरची डिस्क तपासून मेल करणं, स्क्रिप्टने करून दाखवा, पण आधी लीडची परवानगी घेऊन. आणि साधारण सहा महिन्यांनी मॅनेजरला स्पष्ट सांगा की मला डेव्हलपमेंटकडे जायचंय, त्यासाठी काय दिसायला हवं. बऱ्याच कंपन्यांत वर्ष-दीड वर्षानंतर इंटर्नल जॉब पोस्टिंगला (कंपनीतल्याच रिकाम्या जागांना) अर्ज करता येतो. मनातली इच्छा मनातच ठेवणाऱ्यांची बदली कुणी करत नाही.

बाहेर जायचं असेल तर स्वतःचं एक काम दाखवायला हवं. हॉस्पिटल मॅनेजमेंट आणि अटेंडन्स सिस्टिम आता नकोत. ते प्रोजेक्ट विकत मिळतात हे मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तुम्ही दुधाच्या पट्ट्यातले आहात. गावातल्या संकलन केंद्राचं काम बघा. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, फॅट आणि एसएनएफवर (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) दर ठरतो, दहा दिवसांनी बिल निघतं. ऐकायला सोपं वाटतं. आता मधल्याच एखाद्या दिवशी दर बदलला तर? दर एकाच ठिकाणी साठवला असेल तर मागचं बिल पुन्हा छापताना नवा दर लागेल आणि शेतकरी केंद्रावर भांडायला येईल. म्हणजे दर कोणत्या तारखेपासून लागू, हे साठवायला हवं. रक्कम फ्लोट प्रकारच्या दशांश आकड्यात ठेवली तर बेरजेत पैसे इकडेतिकडे होतात, म्हणून ती रुपयांऐवजी पैशांच्या पूर्णांकात ठेवायची. माप घेताना लाइट गेली तर अर्धी नोंद राहता कामा नये. एकाच खातेदाराची नोंद चुकून दोनदा झाली तर कळायला हवं. असं काम एका केंद्रावर महिनाभर खरोखर चाललं आणि कोड गिटवर (कोड आणि त्यातले बदल साठवण्याचं साधन) नीट ठेवला, तर मुलाखतीत मी त्यावर पाऊण तास बोलू शकते. फ्रेमवर्क जावाचं आहे की पायथनचं, हा प्रश्न त्यात फार मागे पडतो. एक भाषा घ्या आणि दीड-दोन वर्षं तीच धरून ठेवा.

इंग्रजीबद्दल तुम्ही एक ओळ लिहिली आहे, 'बोलताना अडतं.' मराठी माध्यमातून आलेल्यांना ही भीती असते आणि ती खोटी नाही, क्लायंट कॉलवर त्रास होतो. पण या कामातलं बरंचसं इंग्रजी लेखी आहे: तिकीट, मेल, टिपण. तिथे छोटी, सरळ वाक्यं चालतात, किंबहुना तीच लागतात. रोजची नोंद इंग्रजीत लिहा. मुलाखतीसाठी स्वतः सोडवलेल्या तीन-चार अडचणी आधी मराठीत, मित्राला समजेल अशा क्रमाने सांगून पाहा आणि मग इंग्रजीत सांगा. बहुतेक वेळा अडखळायचं कारण भाषा नसते, घटनेचा क्रमच डोक्यात लागलेला नसतो. क्रम लागला की साधं इंग्रजीही पुरतं.

शिफ्टचं मात्र हलक्यात घेऊ नका. रात्रपाळी फिरती असेल तर झोप आणि जेवण बिघडतं, आणि शिकायला जो वेळ धरला होता तो झोपेत जातो. महिन्यातून किती रात्री, कॅब मिळते का, शिफ्ट अलाउन्स किती, हे आधी विचारा. रात्रपाळीच्या आठवड्यात अभ्यासाचा हट्ट धरू नका, दिवसपाळीच्या आठवड्यांत तो भरून काढा. तब्येत सतत बिघडायला लागली, किंवा वर्ष उलटूनही काम एल वनच्या पुढे सरकत नसेल आणि विचारूनही कुणी दाद देत नसेल, तर बाँडची उरलेली रक्कम आणि नोटीस पिरियड मोजून बाहेर पडण्याचा विचार जरूर करा. बऱ्याच कंपन्यांत तो पिरियड नव्वद दिवसांचा असतो. पैसे भरून सुटणं कधी कधी स्वस्त पडतं.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझा कल असा: एल टू असेल किंवा लेव्हल अजून ठरलेली नसेल, आणि बाँडची रक्कम तुमच्या चार-पाच महिन्यांच्या हातातल्या पगारापेक्षा जास्त नसेल, तर रुजू व्हा. कायमस्वरूपी एल वन असेल आणि घरून सहा महिन्यांचा आधार असेल, तर ती सोडून सी-कॅटची तयारी आणि दूध केंद्राचं काम एकत्र करा. आधार नसेल तर एल वनही घ्या, पण वर सांगितलेलं सगळं काम दुप्पट नेटाने करावं लागेल हे धरून चाला.

ऑफर स्वीकारायची शेवटची तारीख तुम्ही लिहिलेली नाही. ती जवळ असेल तर आजच एचआरला छोटा मेल टाका: कामाची लेव्हल, बाँडची रक्कम आणि तो कधीपासून मोजणार, आणि महिन्याला किती रात्रपाळ्या. दोन दिवसांची मुदतवाढही त्याच मेलमध्ये मागा. विनंती नम्र असेल तर ती सहसा नाकारली जात नाही. उत्तर आलं की बाँडचं कलम जसंच्या तसं, कंपनीचं नाव काढून, इथे टाका. मी वाचून सांगेन.